मेदकचे ख्रिस्तमंदिर

हैदराबादहून उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटर गेले की तेलंगणातील मेदक हे गाव येते. वाचकहो, या प्रवासाला आपण निघालात, तर गावाआधी आपल्या दृष्टीस पडेल तो एका चर्चचा 175 फूट उंच मनोरा. भाताच्या खाचरांमधून हा पाषाणाचा डोलारा अचानक वर येतो आणि एवढ्याशा गावात एवढे मोठे मंदिर कोणी बांधले, असा प्रश्न मनात उभा राहतो.

त्याचे उत्तर दुष्काळात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स वॉकर पॉस्नेट हे वेस्लियन मेथॉडिस्ट पंथाचे इंग्रज मिशनरी येथे आले. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता; आपला मराठवाडाही त्याच राज्याचा भाग. पहिल्या महायुद्धाच्या काळात येथे दुष्काळ पडला. अन्नासाठी दारी येणाऱ्यांना नुसती भिक्षा घालणे पॉस्नेट यांना रुचले नाही. त्यांनी लोकांना काम दिले आणि कामाच्या मोबदल्यात अन्न दिले. त्या कामातून हे मंदिर उभे राहिले, असे येथे आजही सांगतात.

ही रीत आपल्या देशाला नवी नव्हती. लखनौचा बडा इमामबाडा नवाब आसफउद्दौला यांनी 1784 च्या दुष्काळात याच हेतूने बांधावयास घेतला होता. दुष्काळी कामांवर खडी फोडलेल्या आपल्या आजीपणजींनाही तिचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता. हाताला काम मिळाले म्हणजे पोट तर भरतेच, शिवाय मान ताठ राहते.

सुमारे दहा वर्षे काम चालले आणि 25 डिसेंबर 1924 रोजी मंदिराचे समर्पण झाले. आतील लांबी 200 फूट, रुंदी 100 फूट. पायांखालच्या रंगीत फरश्या ब्रिटनमधून आणलेल्या आहेत. तीन भव्य खिडक्यांतील रंगीत काचांवर ख्रिस्ताचा जन्म, क्रूसारोहण आणि स्वर्गारोहण चितारलेले आहे. या खिडक्या पाहावयाच्या तर दिवसाउजेडीच जावे. सूर्य मावळला की त्यांचे तेजही मावळते.

1947 साली दक्षिणेतील मेथॉडिस्ट, अँग्लिकन आणि इतर काही मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना केली. तेव्हापासून हे मंदिर त्या संयुक्त मंडळीचे आहे. नाताळात येथे मोठी गर्दी लोटते.

मेदक हे नाव ‘मेतुकु’ या तेलुगू शब्दावरून आले, असे म्हणतात. मेतुकु म्हणजे भाताचे शीत. पॉस्नेट यांचे नाव इतिहासाने जपले. मूठभर अन्नासाठी दगड वाहणाऱ्या असंख्य स्त्रीपुरुषांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. वाचकहो, मनोऱ्याकडे पाहून झाले, की तळाच्या दगडांवरूनही एकदा हात फिरवा. त्यांची आठवण तेथे आहे.