चौघांत एक पूल

वांद्र्याला पूर्वेला उतरून शेअर रिक्षात बसले आणि फोन वाजला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या आमच्या सर्व्हरवरची चारही ॲप्लिकेशनं अडली होती. चौघांचा टॉमकॅट एक, डेटाबेस पोस्टग्रेस एक, पूल मात्र ज्याचा त्याचा, 30-30 कनेक्शनांचा. पोस्टग्रेस मुळात 100 कनेक्शनं देतो, त्यांतली 3 ॲडमिनसाठी राखीव. आम्ही 120 मागत होतो. मर्यादा वाढवणं सोपं होतं, पण पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उभी करतो. मेमरी कुठून आणणार?

म्हणून एकच पूल करायचं ठरवलं, 40 चा. इथे मी एक दिवस घालवला. टॉमकॅटच्या सामाईक कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये रिसोर्स लिहिला. नोंद एकच, म्हणजे पूलही एकच, असं मी धरून चालले. प्रत्यक्षात त्या एका नोंदीवरून टॉमकॅट प्रत्येक ॲप्लिकेशनला नवा पूल बांधून देतो. खरा सामाईक पूल सर्व्हरच्या फाइलमध्ये, ग्लोबल नेमिंग रिसोर्सेसमध्ये लिहावा लागतो. ॲप्लिकेशनांत फक्त त्याची रिसोर्स लिंक. ड्रायव्हरची जारही टॉमकॅटच्या लिबमध्ये हवी.

महिनाभर सगळं शांत. मग महिनाअखेरीला पुन्हा चौघंही थांबली. या वेळी डेटाबेस निवांत होता, पूल मात्र रिकामा. कुणीतरी कनेक्शनं घेऊन परत करत नव्हतं. कोण, ते डेटाबेसकडून कळेना, कारण चौघांचा युजर एकच. सोडून दिलेल्या कनेक्शनांचा लॉग चालू केला तेव्हा ओळ सापडली: अहवालाच्या ॲप्लिकेशनमध्ये अहवाल काढताना एरर आली की क्लोजपर्यंत कोड पोहोचतच नव्हता. जावामध्ये 2011 पासून ट्राय-विथ-रिसोर्सेस आहे. चार ओळींची दुरुस्ती. पण त्या चार ओळींपायी दुसऱ्याच ॲप्लिकेशनवर चालणाऱ्या पैसे भरायच्या खिडकीवर माणसं ताटकळली, आणि ते मला अजून लागतं. त्यांचा अहवालाशी काय संबंध होता?

एकत्र पूल करताना आपण कनेक्शनं वाचवतो, पण एकाची चूक चौघांच्या माथी मारतो. सारखं वागणाऱ्या ॲप्लिकेशनांनाच एका पुलावर ठेवावं, असं माझं आता ठाम मत आहे. अहवालाला मी 5 चा वेगळा पूल दिला. उरलेली तिघं 35 मध्ये भागवतात.