गव्हाणीकडे पाहणारे डोळे

पेणच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्तीला रंग चढतो, पितांबर होतं, दागिन्यांवर सोनेरी लागतं, तरी ती पुरी झालेली नसते. आखणी राहिलेली असते. आखणी म्हणजे डोळे काढणं. साच्यात माती दाबायला, सांधे पुसायला, अंगाचा रंग मारायला कितीतरी हात असतात. डोळ्यांपाशी जाणता कारागीरच बसतो. मी मातीकाम शिकले ते या माणसांत, आणि शिकले नाताळच्या गोठ्यासाठी. मी ख्रिस्ती, राहणार रोह्याची, आजोळ कोर्लईचं. धाटावच्या एमआयडीसीत प्रयोगशाळेत नोकरी करते.

नोकरीत दिवसभर नमुने येत राहतात. एकाचा आकडा लिहीपर्यंत दुसरी बाटली समोर, मध्येच प्लांटमधून फोन, मोबाइलवर निरोप. अशा दिवसानंतर घरी येऊन जपमाळ हातात घेतली की बोटं मण्यांवरून पुढे सरकत आणि मन लॅबमध्येच घुटमळत राही. पाच दशकं संपत, पण कोणत्या रहस्यावर मनन केलं ते आठवत नसे. त्या काळात मला शांतता म्हणजे डोक्यातलं सगळं थांबणं असं वाटे. ते कधीच थांबलं नाही. आजही थांबत नाही.

रोह्याहून गाडीत बसलं की निडी, नागोठणे, कासू आणि मग पेण. सुटीच्या दिवशी मी हा प्रवास करू लागले, कारण पेणला चांगला शाडू मिळतो आणि विचारलं तर सांगणारी माणसं मिळतात. शाडू इथला नव्हे, गुजरातेतून येतो. भिजवून मळताना तो लोण्यासारखा होतो, पण त्यात एखादा खडा राहिला तर बरोबर नाकावर किंवा गालावर वर येतो, म्हणून मळताना बोटांनी सगळा गोळा चाचपावा लागतो. शाडूची मूर्ती भाजत नाहीत, सावलीत वाळवतात. उन्हाची घाई केली तर वरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि मूर्तीला तडा जातो. बोटं, कान, मेंढराचे पाय असे बारीक भाग आधी सुकतात, म्हणून त्यांच्यावर ओलं फडकं ठेवायचं आणि जाड भाग त्यांच्या बरोबरीला येईपर्यंत वाट पाहायची. हात लावायचा मोह होतो. लावायचा नाही.

या वाट पाहण्यात माझी प्रार्थना परत आली. माती मळताना मी मोठ्याने काही म्हणत नाही. जपमाळेतल्या आनंदाच्या रहस्यांपैकी तिसरं, येशूचा जन्म, तेवढं एकच धरून बसते. हातात मरिया घडत असते, म्हणून मन लांब गेलं तरी हातातल्या खांद्याच्या उतारावर परत येतं. नुसत्या मण्यांवर त्याला येता येत नव्हतं. मला तरी देवासमोर बसायला हातात काम लागतं, हे आता मी मान्य करून टाकलं आहे.

मी ज्यांच्याकडे शिकते त्या काकांची हयात गणपती करण्यात गेली. माझी पहिली मरिया सुकून पांढरी झाली तेव्हा त्यांनी ती हातात घेतली, फिरवली, आणि म्हणाले, ‘‘ताई, ही माझ्याकडे बघतच नाही. डोळे कसे आखायचे?’’

त्यांचं बरोबर होतं. गणपतीची नजर भक्ताकडे असते. बुबुळ असं बसवायचं की दारातून येणाऱ्यालाही वाटावं, देव माझ्याकडेच पाहतोय. माणूस दर्शनाला येतो तो या नजरेसाठीच. गोठ्यातली माणसं आपल्याकडे पाहत नाहीत. मरिया, योसेफ, मेंढपाळ, सगळ्यांचे डोळे गव्हाणीतल्या बाळावर. समोर उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी नजर देत नाही, म्हणून तोही शेवटी ते पाहतायत तिकडे पाहू लागतो.

मी काकांना हे सांगितलं. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि शिलाईच्या दोऱ्याचं रीळ मागवलं. बाळाच्या कपाळाशी दोरा धरायला सांगून दुसरं टोक त्यांनी मरियेच्या भुवईखाली नेलं. दोरा नाकाच्या शेंड्यावरून न जाता गालाच्या बाजूने गेला. ‘‘मान चुकली,’’ ते म्हणाले. ‘‘डोळ्यानं एवढंच सावरतं.’’ आणि अंगठ्याच्या नखाएवढं अंतर दाखवलं. नजर डोळ्यांत नसते, मानेत असते, आणि मान ओल्या मातीतच ठरवावी लागते. तेव्हापासून माती ओली असतानाच मी प्रत्येक मूर्तीपासून गव्हाणीपर्यंत दोरा लावते, आणि दोरा सरळ बसला की मगच मूर्ती सुकायला ठेवते.

डोळा आखतानाही फरक पडतो. खाली पाहणाऱ्या माणसाची वरची पापणी बुबुळाचा वरचा निम्मा भाग झाकते आणि बुबुळ खालच्या कडेला टेकतं. आधी पापणीची रेघ, मग बुबुळ, मग पांढरा ठिपका. काकांनी श्वास कसा घ्यायचा तेही शिकवलं. मी श्वास रोखून धरत होते, त्याने हात थरथरतो. श्वास पूर्ण सोडायचा आणि पुढचा आत यायच्या आधी जी उसंत असते, तिच्यात रेघ ओढायची. लॅबमध्ये रंग पालटण्याच्या थेंबाशी थांबताना मी हल्ली तसंच करते आणि फोन वाजला तर वाजू देते.

असा गोठा मांडायची चाल संत फ्रान्सिसशी जोडलेली आहे. 1223 साली इटलीतल्या ग्रेच्यो गावी त्याने नाताळच्या रात्री गव्हाण, गवत, एक बैल आणि एक गाढव एवढंच आणवलं होतं. मातीच्या मूर्ती पुढच्या. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, पण बैल आणि गाढव नाहीत. ते जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायातून आले. मालकाची गव्हाण ओळखणारी ही दोन जनावरं मला गोठ्यात हवीच असतात. माझा बैल खिलारी नाही. रोह्याच्या आसपास भातशेतीत दिसतो तसा बुटका, गोल पोटाचा आहे.

गोठ्यात आपली माणसं, आपली जनावरं आणावीत का, असं विचारणारे भेटतात. गोव्याच्या चित्रकार आंजेलो द फोन्सेकाने मरियेला साडी नेसवली तेव्हा त्याच्यावर भरपूर टीका झाली. तो 1902 साली जन्मला, शांतिनिकेतनात शिकला आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून चित्रं काढत राहिला. त्याच्या मरियेसमोर मला ती आपल्याच घरातली वाटते, आणि यात श्रद्धेला काही धक्का बसतो असं मला अजिबात वाटत नाही. ज्या पेण तालुक्यात मी मातीकाम शिकते तिथल्याच गागोद्याला 1895 साली विनोबा जन्मले. त्यांनी नव्या करारातून वेचे काढून ‘ख्रिस्त-धर्म-सार’ सिद्ध केलं. आपल्या परंपरेत पाय रोवून दुसऱ्याच्या देवासमोर इतक्या आदराने बसता येतं, हे मी पुस्तकातून वाचलं होतं. काकांनी मरियेला दोरा लावला तेव्हा ते डोळ्यांनी पाहिलं. काम सुरू करताना ते गणपतीला हात जोडतात, मी क्रूसाची खूण करते, आणि मग दोघं एकाच घमेल्यातली माती घेतो.

यंदा मेंढपाळांच्या शेजारी एक कोळीण उभी करते आहे. रोह्यावरून जाणारी कुंडलिका रेवदंडा आणि कोर्लई यांच्या मधून समुद्राला मिळते, आणि माझ्या आजीच्या गावचं माऊंट कार्मेल माऊलीचं चर्च त्या किनाऱ्यावर आहे. पोर्तुगीज गेल्याला पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, तरी तिथल्या ख्रिस्ती घरांत त्यांच्या भाषेतून घडलेली बोली अजून बोलतात. आजी याच बोलीत प्रार्थना करायची. त्या किनाऱ्यावरची बाई गोठ्यात रिकाम्या हाताने येणार नाही, म्हणून तिच्या डोक्यावर मासळीची पाटी दिली आहे. अडचण तिथेच आली. डोक्यावर पाटी असलेल्या बाईला मान वाकवता येत नाही. दोरा लावला तर तो नाकापासून चांगलाच खाली जातो, अंगठ्याच्या नखाएवढ्या सवलतीत मुळीच बसत नाही. काकांचं म्हणणं, पाटी कमरेवर घ्यावी, म्हणजे मान मोकळी होईल. मला ती डोक्यावरच हवी आहे, कारण वाटेत थबकलेली बाई पाटी उतरवत नाही, नुसती नजर खाली टाकते. पापणी किती झाकायची ते कागदावर काढून पाहते आहे. नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपर्यंत तिची मान तरी ठरायला हवी, म्हणजे सुकायला पुरेसे दिवस मिळतील.