अर्ध्या गुणाची लढाई

"मॅच ड्रॉ झाली" असं सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहराच पडतो. जिंकलो तर पार्टी, हरलो तर शिव्या, पण ड्रॉचं करायचं काय? आमच्या विंगमध्ये या नियमाला एकच अपवाद आहे. ११ जानेवारी २०२१, सिडनी. पायाचा स्नायू दुखावलेला विहारी आणि पाठीने हैराण झालेला अश्विन. विहारीने १६१ चेंडू खेळून नाबाद २३ धावा केल्या आणि कसोटी वाचवली. मेसमध्ये आजही तो विषय निघाला की जेवण थंड होतं. मग बुद्धिबळातल्या बरोबरीवरच लोकांचा एवढा राग का, हे कोडं मला काही सुटलेलं नाही.

बुद्धिबळात बरोबरीला अर्धा गुण असतो. आता अर्ध्या मार्काची किंमत रीव्हॅल्युएशनच्या खिडकीसमोर रांग लावणाऱ्या आपल्या जमातीला मी काय सांगणार! पण एका अर्ध्या गुणाची गोष्ट सांगतो, कारण माझ्या डोक्यात हे खूळ तिथूनच शिरलं.

मे १९९७, न्यूयॉर्क. जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह विरुद्ध आयबीएमचा डीप ब्लू, सहा डाव. हे मशीन सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासायचं. पहिला डाव कास्पारोव्हने जिंकला. दुसऱ्या डावात मशीन असं काही खेळलं की त्याला घामच फुटला. समोर फुकटची प्यादी दिसत असताना मशीन तिकडे वळलंच नाही. शांतपणे पट आवळत गेलं. पंचेचाळिसाव्या चालीनंतर कास्पारोव्हने डाव सोडला.

नंतर विश्लेषण झालं तेव्हा कळलं की त्या स्थितीत बरोबरी होती! वजीर आत घुसवायचा आणि सतत शह देत राहायचं. पांढऱ्या राजाला लपायला जागाच उरत नव्हती. कास्पारोव्हला हे दुसऱ्या दिवशी समजलं. आख्ख्या कारकिर्दीत बरोबरीची स्थिती त्याने अशी कधी सोडली नव्हती, असं म्हणतात.

पुढचे तीन डाव बरोबरीत सुटले. सहावा तो १९ चालींत हरला आणि सामना ३.५–२.५ असा गेला. आता साधं गणित करा. दुसऱ्या डावातला तो अर्धा गुण इकडचा तिकडे केला तर ३–३! (पुढचे डाव तेव्हा तसेच झाले असते असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही, हे मान्य. पण आकडे आकडेच असतात.)

आमचे रेक्टर सर तेव्हा स्वतः इंजिनिअरिंगला होते. त्यांनी त्या सामन्याची वर्तमानपत्रातली कात्रणं वहीत चिकटवून ठेवली आहेत. ती वही मी पाहिली आहे. त्यांना विचारलं, "सर, एवढा मोठा खेळाडू, त्याला एक सततचा शह दिसू नये?" सर म्हणाले, "दिसला नाही असं नाही रे. त्याने शोधलाच नाही. एवढा सोपा शह मशीन शिल्लक ठेवेलच कसं, असं त्याला वाटलं." मला हे उत्तर एकदम पटलं. प्रोजेक्टला सॉफ्टवेअरने रंगीत चित्र काढून दिलं की हाताने पडताळणी किती जण करतात? मशीनने सांगितलं ना, मग झालं! कास्पारोव्ह त्या दिवशी पटावर हरला नव्हता. समोरच्याने सगळं पाहिलं असणार, या विश्वासाने हरला.

तेव्हापासून माझा एकच प्रश्न. मशीनला जे दिसत नाही असं नेमकं काय असतं, आणि आपल्यासारख्या साध्या माणसाला त्याच्या आडोशाला उभं राहता येईल का?

थोडं टेक्निकल सांगतो, पण वायवा घेणार नाही. डावाच्या मध्यावर एका बाजूला साधारण ३५ चाली शक्य असतात. दोघांच्या दोन-दोन चाली पाहायच्या म्हटल्या तर ३५ चा चौथा घात, म्हणजे पंधरा लाख शक्यता. निरुपयोगी फांद्या छाटत मशीन बरंच खोल जातं, पण कुठेतरी थांबावंच लागतं. थांबलं की ते मोजणी करतं: हत्ती किती, प्यादी किती, राजा सुरक्षित आहे का, मोहऱ्यांना फिरायला जागा किती. जुनी इंजिनं हे असंच करायची. आता समजा, दोन्हीकडची सगळी प्यादी एकमेकांच्या नाकाला नाक लावून अडकली आहेत. एकही रांग उघडी नाही. मशीनकडे एक हत्ती जास्त आहे, पण त्याला शिरायला दारच नाही. दहा चाली पुढे पाहा, पंधरा पाहा, काहीच बदलत नाही. आपण बघताक्षणी म्हणतो, "हे कधीच फुटणार नाही." मशीनला "कधीच" हा शब्द माहीत नसतो. त्याला हत्ती दिसतो आणि ते आनंदाने लिहितं, मी दोन गुणांनी पुढे!

बुद्धिबळात अशा भिंतीला किल्ला म्हणतात. डोंगरी किल्ल्यांच्या मुलखातल्या माणसाला वेगळं काय सांगायचं! बाहेर फौज मोठी असली म्हणून किल्ला पडतोच असं नाही.

ही युक्ती सर्वांत पद्धतशीर वापरली ती क्रामनिकने. २००० साली लंडनला त्याने खुद्द कास्पारोव्हला बर्लिन बचावाने रोखलं होतं. त्यात आठव्या चालीपर्यंत वजीर पटावरून जातात आणि मारामारीची हवाच निघून जाते. त्या आख्ख्या सामन्यात कास्पारोव्हला एकही डाव जिंकता आला नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये बहारीनला डीप फ्रिट्झविरुद्ध क्रामनिकने तेच धोरण ठेवलं. पहिला डाव बर्लिन, बरोबरी. मग वजीर लवकर काढून शांत स्थितीत दोन विजय. चार डावांनंतर ३–१! पण पाचव्या डावात एका घोड्याच्या शहात मोहरा गेला आणि डावही गेला. सहाव्यात तो घोडा बळी देऊन हल्ल्याला गेला, म्हणजे मशीनच्याच अंगणात खेळायला गेला, आणि हरला. शेवटचे दोन बरोबरीत. एकूण ४–४.

माझ्या मते तो सहावा डाव विसरून चालणार नाही. क्रामनिकला भिंत बांधता येत होती, भिंतीमागे बसणंही येत होतं. पण माणूस बसून बसून कंटाळतो. त्याला काहीतरी सुंदर करून दाखवायचं असतं. मशीनला तसलं काही वाटत नाही, हीच तर पंचाईत.

पुढच्याच वर्षी कास्पारोव्हने न्यूयॉर्कला दोन सामने बरोबरीत सोडवले, डीप ज्युनिअरशी ३–३ आणि एक्स-थ्री-डी फ्रिट्झशी २–२. दुसऱ्या सामन्यात तो त्रिमितीय चष्मा लावून, हवेत तरंगणाऱ्या पटाकडे बघत खेळत होता. तिसऱ्या डावात त्याने पट असा काही बंद केला की फ्रिट्झ नुसता मोहरी मागे-पुढे करत बसला, आणि तेवढ्यात दुसऱ्या बाजूने कास्पारोव्हचं प्यादं निघालं. तो डाव मी निदान वीस वेळा लावून पाहिला असेल.

आता माझ्या पराक्रमाकडे वळतो. पराक्रम हा शब्द मोठा आहे, पण मासिक आपलंच आहे.

कॉमन रूममधल्या जुन्या पीसीवर कुठल्याशा सीनिअरने फ्रिट्झची २००० च्या दशकातली आवृत्ती टाकून ठेवली होती. सेकंड इयरच्या पहिल्या सेममध्ये तिच्याशी ६० डाव खेळलो. ६० हार. पूर्ण ताकदीवर खेळायचं, चाल परत घ्यायची नाही, हा माझा नियम. दुसऱ्या सेमला खेळायची पद्धतच बदलली. वजीर लवकर काढायचे, प्यादी अडकवायची, उघडी रांग दिसली की बुजवायची. फेब्रुवारीत पहिली बरोबरी. वर्षाअखेर आठ बरोबऱ्या, विजय शून्य.

त्यातली सहावी बरोबरी मी विसरणार नाही. पीएल चालू होती. मी हत्ती देऊन त्याचा उंट घेतला होता आणि शेवटची उघडी रांग प्याद्याने बंद केली होती. स्क्रीनवर आकडा: मशीन २.३ ने पुढे. त्याचे दोन हत्ती मागच्या पट्टीवर येरझाऱ्या घालत होते. माझा राजा कोपऱ्यात, मग शेजारच्या घरात, परत कोपऱ्यात. एकच स्थिती तीनदा आली तरी बरोबरी होते, पण आपण पुढे आहोत असं समजणारं मशीन ते टाळत राहतं; मोहरी फिरवून दर वेळी काहीतरी वेगळं करतं. म्हणजे माझ्या हातात उरला पन्नास चालींचा नियम. दोघांच्या पन्नास-पन्नास चालींत एकही प्यादं हललं नाही आणि काही मारलं गेलं नाही, तर बरोबरी मागता येते.

रूम पार्टनर चहा घेऊन आला. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "अरे लेका, हा काय खेळ आहे का? हे म्हणजे जर्नल पूर्ण नाही म्हणून सबमिशनची तारीख पुढे ढकलत राहण्यासारखं झालं."

"तू मोज फक्त," मी म्हणालो.

कुरकुरत का होईना, तो मेसच्या बिलामागे रेघा मारायला लागला. चव्वेचाळीसला मशीनने कडेचं प्यादं पुढे ढकललं, थेट माझ्या प्याद्याच्या तोंडात.

"घे ना! फुकटचं आहे!"

फुकटचंच होतं. पण ते मारलं असतं तर माझं प्यादं आपली रांग सोडून बाजूला गेलं असतं, आणि त्या मोकळ्या रांगेतून ते दोन हत्ती एस.टी.सारखे आत आले असते. न मारावं, तर त्याचं प्यादं माझं मारणार आणि दुसरी रांग उघडणार. मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो. मग ते प्यादं न मारता माझं प्यादं त्याच्या शेजारून एक घर पुढे सरकवलं. भिंत परत बंद! पण प्यादी हलली, म्हणजे मोजणी पुन्हा एकपासून. पार्टनरने जी शिवी दिली ती संपादक छापणार नाहीत.

पावणेतीनला पन्नास पूर्ण झाल्या. शेवटच्या पाच-सात चालींत तो २.३ चा आकडा भराभर घसरत शून्यावर आला. तोपर्यंत त्याला शेवट दिसतच नव्हता. पार्टनर म्हणाला, "म्हणजे जिंकला नाहीसच ना?" आणि झोपायला गेला.

त्याचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. एका जागी बसून राहण्याची किंमत फार असते आणि एका क्षणात सगळं जातं. नोव्हेंबर २००६ मध्ये बॉनला क्रामनिक पुन्हा डीप फ्रिट्झसमोर बसला. दुसऱ्या डावात उत्तम खेळला, बरोबरी हातात होती. चौतिसाव्या चालीला त्याने शांतपणे वजीर हलवला, आणि फ्रिट्झने घोड्याच्या आधाराने वजीर राजासमोर आणून ठेवला. एका चालीत मात! जगज्जेत्याला! सहापैकी चार डाव त्याने बरोबरीत ठेवले, पण सामना ४–२ असा गेला. त्याआधी २००५ साली लंडनला मायकेल अ‍ॅडम्स हायड्रा नावाच्या मशीनशी सहा डाव खेळला होता. त्याच्या वाट्याला फक्त एक बरोबरी आली, ५.५–०.५. बॉननंतर जगज्जेता विरुद्ध मशीन असे मोठे सामने बंदच पडले. त्यात अर्थ उरला नव्हता.

नाही म्हणायला २००८ साली हिकारू नाकामुराने ब्लिट्झमध्ये रिब्का या इंजिनाची गंमत केली. पट पूर्ण बंद करून तो मोहरी हलवत बसला. पन्नास चालींची बरोबरी नको म्हणून रिब्काने आपणहून भिंत फोडली आणि २७१ चालींनंतर हरलं! भिंतीमागे बसणाऱ्याला कधीकधी असंही फळ मिळतं.

आता इंजिनं फार पुढे गेली आहेत. २०१७ मध्ये अल्फाझीरो आलं, २०२० मध्ये स्टॉकफिशमध्ये न्यूरल नेटवर्क बसवलं गेलं. मोबाईलवरचं स्टॉकफिश आज त्या डीप ब्लूला सहज हरवेल. त्याच्याशी मी ३१ डाव खेळलो आणि एकतीसही हरलो. ते मला भिंत बांधूच देत नाही. प्यादी अडकायच्या आधीच एखादी फट उघडी ठेवतं.

परवा पार्टनरनेच मला बोलावलं. त्याच्या लॅपटॉपवर त्याने माझ्या सहाव्या बरोबरीची स्थिती लावली होती. मेसचं ते बिल त्याच्याकडे अजून आहे हे मला माहीतच नव्हतं. मागे पटाचं चित्र काढून ठेवलं होतं पठ्ठ्याने! समोर स्टॉकफिश, पूर्ण ताकदीवर. आकडा २.३ नव्हता, पण शून्यही नव्हता. माझ्या जागी तो स्वतः बसला होता. स्टॉकफिशचे हत्ती मागच्या पट्टीवर येरझाऱ्या घालत होते. त्याचा राजा कोपऱ्यात, शेजारच्या घरात, परत कोपऱ्यात.

"बोलू नकोस," तो म्हणाला, "अडतीस."