84 हप्ते आणि चालकाविना गाडी

चंद्रपूरच्या गोल बाजारातील एका धान्याच्या पेढीवर गेल्या हिवाळ्यात एक कर्जप्रकरण दोन आठवडे अडून राहिले. प्रकरण तसे लहानच. पेढीच्या गाडीवर 28 वर्षे चालक म्हणून राहिलेल्या गृहस्थाच्या मुलास आलापल्ली-अहेरी मार्गावर काळी-पिवळी जीप चालवावयाची होती. मुदत सात वर्षे, हप्ते 84, गाडी बँकेकडे नजरगहाण आणि जामीनदार म्हणून शेठजींची सही. शेठजींनी याआधी अनेकांसाठी सही केली होती. त्यांतील दोघांचे हप्ते स्वतः भरलेही होते. तरी या वेळी कागद गल्ल्याखालीच राहिला.

कारण घरातलेच होते. दिवाळीला अमेरिकेहून आलेला नातू सॅन फ्रान्सिस्कोत वेमो कंपनीच्या टॅक्सीत बसून आला होता. सुकाणूचक्र आपोआप फिरते, पुढच्या आसनावर कोणीही नसते, हे त्याने भ्रमणध्वनीवर सर्वांना दाखविले. मग सहज म्हणाला, "दादाजी, सात वर्षांत चालक हा धंदाच उरणार नाही. तुम्ही सही कशाच्या भरवशावर करणार?"

प्रश्न उद्धट नव्हता, हिशेबाचा होता. म्हणून शेठजींनी तो हिशेबानेच सोडवावयास घेतला. व्यापारी माणूस वस्तूचे वर्णन नंतर ऐकतो, वायदा पाळला गेला की नाही हे आधी पाहतो. टेस्ला या मोटार कंपनीचे वायदे त्यांनी नातवाकडूनच लिहून घेतले. 2016 साली कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी सांगितले, की 2017 संपण्यापूर्वी त्यांची गाडी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला आपली आपण जाईल. ती गेली नाही. एप्रिल 2019 मध्ये ते म्हणाले, पुढील वर्षी दहा लाख रोबोटॅक्सी रस्त्यावर असतील. 2020 आले आणि गेले. ऑक्टोबर 2024 मध्ये सुकाणूचक्र व पायखटके नसलेली सायबरकॅब दाखविली गेली. प्रत्यक्ष सेवा 22 जून 2025 रोजी ऑस्टिन शहरात सुरू झाली, तीही मोजक्या गाड्यांनिशी आणि शेजारच्या आसनावर कंपनीचा माणूस बसवून. जनरल मोटर्सने तर आपल्या क्रूझ या उपकंपनीच्या रोबोटॅक्सीवर अनेक वर्षे पैसा ओतून डिसेंबर 2024 मध्ये तो उद्योगच थांबविला. कोणत्याही शाखाधिकाऱ्याने असा पूर्वेतिहास पाहून कर्ज नामंजूर केले असते. मात्र वेमोने 2020 पासून फिनिक्स शहरात चालकाविना प्रवासी नेले आहेत, हेही नातवाने लिहून दिले आणि शेठजींनी ते खोडले नाही.

नितीन गडकरी यांनी डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या आयआयएममध्ये सांगितले होते, की चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही. शेठजींना ते आठवत होते. पण मंत्र्याचा शब्द हे काही तारण नव्हे.

चालकाचा रोजगार जाण्यासाठी संगणकच लागतो असेही नाही. सुरजागडचे लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांची रांग एटापल्ली-आलापल्ली रस्त्याने सर्वांनी पाहिली आहे. 2025 मध्ये हेडरी ते कोनसरी अशा नळवाहिनीचे उद्घाटन झाले. खनिज दळून, पाण्यात कालवून नळातून पाठविले, की तेवढ्या ट्रकांची गरज सरते. त्यात कॅमेरा नाही, कृत्रिम बुद्धिमत्ता नाही. आहे तो केवळ लांब नळ. गडचिरोलीतील तरुणाच्या पोटावर ऑस्टिनपेक्षा याचा परिणाम लवकर होईल, ही गोष्ट नातवाच्या यादीत नव्हती. प्रवासी मात्र नळातून जात नाहीत.

अडचणीचा खरा भाग पुढेच होता. भद्रावतीच्या पार्श्वनाथ तीर्थाकडे साध्वीजींचा विहार असला, की पहाटे वरोऱ्याच्या बाजूने त्यांच्या मागे पेढीची गाडी लुकलुकते दिवे लावून पायी चालणाऱ्यांच्या गतीने चालते. धुक्यात पांढरी वस्त्रे धुक्यासारखीच दिसतात. मार्च 2018 मध्ये अमेरिकेत टेम्पी येथे उबर कंपनीच्या स्वयंचलित चाचणी-गाडीने रात्री सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या स्त्रीला धडक दिली व ती मृत्यू पावली. चौकशीत आढळले, की यंत्राला ती पाच सेकंद आधीच दिसली होती. पण हे वाहन, की सायकल, की आणखी काही, हे त्याचे ठरत नव्हते. त्याचप्रमाणे व्होल्वोची प्राणी ओळखणारी यंत्रणा ऑस्ट्रेलियात कांगारूपुढे गोंधळली, कारण उडी मारलेल्या प्राण्याचे अंतर तिला मोजता येईना. मूल रस्त्यावरच्या नीलगायीची उडी तिने कोठे पाहिली असणार?

हे सारे शेठजींनी आपल्या चालकाला ऐकविले, तेव्हा तो खूश होईल अशी त्यांची अपेक्षा होती. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "शेठजी, टेम्पीच्या त्या गाडीतही माणूस बसलाच होता ना?" होता; आणि तो समोर न पाहता भ्रमणध्वनी पाहत होता. त्यानंतर चालकाने 22 वर्षे पोटात ठेवलेली गोष्ट सांगितली. अशाच एका विहारात, सलग दुसऱ्या रात्रीच्या जागरणानंतर, त्याचा डोळा लागला होता. गाडी रस्त्याकडेच्या मुरुमात उतरली आणि थांबली. पुढे चालणाऱ्या साध्वीजी दहा-बारा पावलांवर होत्या. कोणाला कळले नाही. यंत्राला झोप येत नाही, एवढे तो म्हणाला.

त्या रात्री शेठजी बराच वेळ जागे होते. त्याला सलग दुसऱ्या रात्री गाडीवर कोणी पाठविले होते, याचा शोध घेण्याची गरज नव्हती.

नागपुरात 2021 पासून आयरास्ते प्रकल्पात शहर बसगाड्यांना टक्कर टाळण्याचा इशारा देणारी उपकरणे बसविली गेली. गाडी माणूसच चालवितो, यंत्र त्याला सावध करते. शेठजींनी तसे उपकरण जीपला बसविण्याचा खर्च स्वतःकडे घेतला आणि जामीनपत्रावर सही केली. सोबत दोन अटी साध्या कागदावर लिहून घेतल्या: रात्री दहानंतर फेरी नाही आणि आसनांपेक्षा अधिक प्रवासी नाहीत. दुसऱ्या अटीवर मुलाने बरीच घासाघीस केली. विहाराच्या गाडीसाठी आता पेढीवर दोन चालकांची पाळी लावली जाते.

पहिले सहा हप्ते वेळेवर गेले आहेत. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता बंद होतो, म्हणून पावसाळा संपेपर्यंत तिकडचे भाडे घ्यावयाचे नाही, हे मात्र वडिलांनीच ठरविले आहे.