रिकीब आणि निऱ्या

देहूरोडच्या बाजारातून जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पहिल्या पाळीच्या वेळी दुचाक्यांची जी रांग लागते, तिच्यात मुली आणि बायका पुष्कळ असतात. लेगिंग, कुर्ता, त्यावर कंपनीचं जाकीट, पायात सेफ्टी शूज, तोंडाला डोळ्यांपर्यंत स्कार्फ. दोन्ही पाय दोन बाजूंना, नजर पुढे. साडी या रांगेत क्वचित दिसते. परदेशातून इथं राहायला आलेल्या माणसाला या दृश्याची हळहळ वाटणं साहजिक आहे. चाकणला २००९मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, तळेगावात कोरियन आले, या सगळ्या पट्ट्यात जपानी आहेत. ही माणसं घर सोडून येतात तेव्हा हिंदुस्थानचं एक चित्र बरोबर घेऊन येतात आणि त्या चित्रात साडी असते. चार-पाच वर्षं राहिल्यावर ती डोळ्यांदेखत कमी होताना दिसली की एक जुनी गोष्ट संपत चालली, असं त्यांना वाटतं. आपल्यातल्या अनेकांनाही तसंच वाटतं, म्हणून या हळहळीचा नीट विचार करायला हवा. माझ्या मते तिचा रोख चुकलेला आहे. जी साडी जाताना दिसते ती मराठी बाईच्या अंगावर फार जुनी नाही. आणि जी जुनी होती, तिचं या रांगेशी नातं आहे.

हे नातं मला दिसतं ते एका परक्या बाईमुळे. फॅनी पार्क्स १८२२मध्ये कलकत्त्याला उतरली. नवरा कंपनी सरकारच्या नोकरीत. पुढची वीसहून अधिक वर्षं तिनं बहुतेक याच देशात काढली आणि १८५०मध्ये आपल्या भटकंतीचं दोन खंडांचं पुस्तक छापलं. १८३५ साली गंगेकाठच्या फत्तेगडला तिची बायजाबाई शिंद्यांशी भेट झाली. कागलच्या सर्जेराव घाटग्यांची ही लेक, दौलतराव शिंद्यांची विधवा. १८३३मध्ये ग्वाल्हेरची सत्ता हातातून गेलेली, आणि मुक्काम छावणीत. मात्र त्या छावणीतल्या बायका घोड्यावर बसणाऱ्या होत्या. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, पाय रिकिबीत, खोगिराच्या दोन्ही बाजूंना. त्यांना या पाहुणीचं इंग्रजी बसणं बघायचं होतं. ती बसली तशी, जशी तिच्या देशातली प्रत्येक कुलीन बाई बसे: दोन्ही पाय घोड्याच्या एकाच अंगाला, वर लांब झगा. मराठी बायकांना ते चमत्कारिक वाटलं. मग फॅनी मराठी तऱ्हेनं घोड्यावर चढली, आणि तिला ते इतकं पटलं की आपल्या देशातल्या बायकांना एका अंगाला बसायची पद्धत लावली गेली, तो मूर्खपणा होता असं तिनं पुस्तकात लिहून ठेवलं. मला तिच्याबद्दल आदर वाटतो तो याच जागी. परक्या मुलुखातला पोशाख न्याहाळणारे पुष्कळ झाले. त्यांनी जरीकाठ मोजले, नथीतले मोती मोजले. या बाईनं तो पोशाख अंगाला काय करू देतो, हे खोगिरावर बसून पाहिलं.

आता तिचीच कसोटी घेऊन देहूरोडच्या शेजारच्या स्टेशनापर्यंत, आकुर्डीपर्यंत यावं. तिथल्या बजाजच्या कारखान्यातून १९७२पासून चेतक बाहेर पडू लागली आणि पुढं दोन-तीन दशकं मराठी मध्यमवर्गीय कुटुंब तिच्यावरून फिरलं. त्या कुटुंबाचं चित्र सगळ्यांना पाठ आहे. नवरा हँडलवर, मूल पुढं उभं, आणि मागच्या सीटवर बायको. तिचे दोन्ही पाय डाव्या अंगाला, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, दुसरा पदरावर. पाचवारी गोल साडीला दुसरं बसणं शक्यच नव्हतं. फत्तेगडच्या बायकांना जे चमत्कारिक वाटलं होतं, ते दीडशे वर्षांनी त्यांच्याच मुलखात घरंदाज बाईचं बसणं ठरलं. सरकारनंही ते मान्य केलं. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम सांगतो की मोटारसायकलला मागं बसणाऱ्यासाठी हाताला आधार हवा, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं संरक्षण हवं. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर काय होतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या लोखंडी जाळीचं मोल सांगायला नको. तरी ही जाळी मागं बसणारीसाठी होती. गाडी हाकणारी बाई तेव्हा फारशी कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. तिला जागा केली ती लूनानं. फिरोदियांच्या कायनेटिकची ही मोपेडही सत्तरच्या दशकातलीच. सांगाडा पुढून खाली वाकलेला, त्यामुळं टांग टाकावी लागत नाही, निऱ्या विसकटत नाहीत. शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या बाई साडी नेसूनच हँडलपाशी आल्या. पोशाख बदलायच्या आधी बसायची जागा बदलली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. पुढं बिनगिअरच्या स्कूटर आल्या, घर आणि काम यांतलं अंतर वाढलं, आणि पंजाबी ड्रेस, जीन्स, लेगिंग हे सगळं त्या जागेच्या मागोमाग आलं.

गोल साडीचं वय सांगायला हवं, कारण हळहळीचं मूळ तिथंच आहे. सत्येंद्रनाथ टागोरांची पत्नी ज्ञानदानंदिनी १८६०च्या दशकात मुंबईला राहिली, पारशी बायकांचं नेसणं पाहून तिनं परकर-पोलक्यावर साडी नेसायची एक रीत बसवली आणि ती बंगालात नेली. आनंदीबाई जोशी १८८३मध्ये अमेरिकेला निघाल्या तेव्हा नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिकडं थंडी, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीचं नेसणं पत्करलं. महाराष्ट्रातल्या शहरी घरांत गोल साडी रुजली ती त्यानंतर, विसाव्या शतकात. आणि आज्या तर शेवटपर्यंत लुगड्यातच राहिल्या. ज्याला आज पारंपरिक म्हणतात तो पोशाख आपल्या पणजीच्या दृष्टीनं नवी फॅशन होता, आणि त्या फॅशनलाही नाकं मुरडली गेली होती.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो देहूरोडला राहून टाळता येणार नाही. इथल्या विहारात २५ डिसेंबर १९५४ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७मध्ये महाडला जमलेल्या बायकांना सांगितलं होतं की लुगडं वरच्या जातींच्या बायकांसारखं खालपर्यंत नेसा, अस्पृश्यपणाची खूण सांगणारे दागिने टाका. बायकांनी ते लगेच अमलात आणलं. म्हणजे काष्टा, उघड्या पोटऱ्या, मोकळी चाल यांचं कौतुक बायजाबाईंच्या छावणीपुरतं ठीक. ज्यांच्यावर गुडघ्यापर्यंतचं नेसणं लादलेलं होतं त्यांना घोट्यापर्यंतच्या निऱ्यांत सन्मान मिळाला. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्यानं माझ्या म्हणण्याला धार येते. कापडाची लांबी स्वतंत्रपणे काहीच सांगत नाही. महाडच्या बाईनं निऱ्या खाली सोडल्या आणि तिच्या नातीनं स्कूटरसाठी लेगिंग घातली, तर दोघींनी एकच गोष्ट केली असं मी मानतो: अंगावर काय असावं ते ठरवायचा हक्क स्वतःकडे घेतला. पंडिता रमाबाई अमेरिकेत १८८६ ते १८८८ राहिल्या. तिथल्या शिकलेल्या, संघटित बायकांचं त्यांनी १८८९च्या आपल्या पुस्तकात तोंडभरून कौतुक केलं, आणि त्याच बायका फॅशनपायी टोप्यांवर पक्षी मिरवतात याबद्दल सुनावलंही. परक्या देशात राहणाऱ्यानं तिथल्या पोशाखाबद्दल बोलावं तर असं.

दुसरा आक्षेप बाजाराचा. लेगिंग चाकणची नाही, जीन्स तळेगावची नाही; बँकॉकमध्ये आणि पुण्यात मुली सारख्याच दिसू लागल्या तर गमावलं नाही का? गमावलं. इरकलीचा काठ, खणाची चोळी रोजच्या अंगावरून उतरली की विणकराच्या घरात त्याचा परिणाम होतो, आणि सणाची पैठणी ती तूट भरून काढू शकत नाही. पण हा तोटा रोजच्या कपड्यात भरून निघावा ही अपेक्षा कामावर जाणाऱ्या बाईकडूनच का? कारखान्यात तिला मुळात शिरता यायला किती काळ लागला! १९४८च्या फॅक्टरी कायद्याचं २२वं कलम चालू यंत्राजवळच्या कामासाठी अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यांतला प्रशिक्षित प्रौढ पुरुष मागत होतं, आणि चालू यंत्र पुसण्याच्या किंवा त्याला तेल घालण्याच्या कामातून स्त्रियांना वगळत होतं. पुण्याच्या टेल्कोची जाहिरात १९७४मध्येही फक्त पुरुष इंजिनिअरांसाठी होती. सुधा मूर्तींनी जेआरडी टाटांना पत्र लिहिलं तेव्हा ती अट मोडली. आज त्याच कंपनीच्या पिंपरीच्या कारखान्यात मोटारी जोडणारी एक आख्खी साखळी स्त्रिया चालवतात. त्यांच्या गणवेशात मला काही हरवलेलं दिसत नाही.

आणि साडीचं जे चित्र डोळ्यांत घेऊन लोक येतात, ते तरी निर्मळ देशी कुठं आहे? राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत निघाला आणि नंतर लोणावळ्याच्या अलीकडे मळवलीला आला. देहूरोडवरून जाणारी लोणावळा लोकल आजही मळवलीला थांबते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला. नऊवारी नेसलेल्या लक्ष्मी-सरस्वती त्याच्या दगडी ठशांवरून हजारोंनी देशभरच्या देवघरांत गेल्या. चाकणला आज येणाऱ्या जर्मन इंजिनिअरच्या किती तरी आधी त्याचा एक देशबांधव याच रेल्वेमार्गावर राहून आपल्या देवींचं नेसणं छापत होता. पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत बुलेटवर नऊवारी नेसून, फेटा बांधून मुली निघतात. पुष्कळांची नऊवारी शिंप्याकडून आयती शिवलेली असते. जाणकार त्याला नाटकी म्हणतात. मला मात्र ते नेसणं योग्य वाटतं. त्या काष्ट्याला पुन्हा खोगीर मिळालं आहे.

एका गोष्टीचं उत्तर मात्र मला अजून कोणी दिलेलं नाही. या पट्ट्यातल्या पुरुषांचं धोतर गेलं, पागोटं गेलं, कोपरी गेली. मावळातला शेतकरी लष्करी डेपोत किंवा कंपनीत लागला आणि पुढच्या पिढीत पँटीत आला. तुकाराम बीजेला देहूला धोतर-टोपीत टाळ घेऊन उभा राहिलेला वारकरी दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये पँट-शर्टात बसलेला असतो. हा बदल साडीच्या बदलाहून आधीचा आहे आणि अधिक पुरा झालेला आहे. त्याची हळहळ ना परदेशी पाहुण्याला वाटते, ना आपल्याला. धोतर सोडणारा पुरुष काळाबरोबर चालला आणि साडी सोडणारी बाई परंपरेपासून दुरावली, असा हिशेब आपण कशाच्या आधारावर मांडतो?