मध्यभागी कोण?

मुंबईहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल वाशिंद मागे टाकून आसनगावजवळ येऊ लागली, की डाव्या हाताला माहुलीचा डोंगर उभा राहतो. पळसगड, माहुली आणि भंडारगड अशा तीन भागांच्या या दुर्गाच्या एका टोकाशी काही उंच सुळके आहेत. लोकांनी त्यांना नवरा, नवरी, भटोबा अशी नावे ठेवली आहेत. पाषाणात थिजलेले लग्नाचे वऱ्हाडच ते! गाडी पुढे सरकते तसे हे वऱ्हाडी आपापल्या जागा बदलतात. आता जो मध्यभागी होता, तो आटगाव येईपर्यंत कडेला गेलेला असतो. डोंगर काही हललेला नसतो. हललेले असतो आपण.

ही साधी गोष्ट ध्यानी यायला आम्हांला बरीच वर्षे लागली. छायाचित्रणाचा छंद आम्हांला सेमिनरीत जडला. सुट्टीत घरी गेलो, की वडिलांच्या कपाटातला जुना आगफा क्लिक थ्री आमच्या हाती येई. एकशेवीस नंबरच्या रिळावर बारा फोटो निघत आणि तेही चौरस. चौरसाचा स्वभावच असा, की तो नजरेला मधोमध ओढून नेतो. आडव्या चित्रात डोळा इकडून तिकडे फिरत राहतो. चौरसात मात्र तो केंद्राशी येऊन विसावतो. त्यामुळे आमची पहिली सगळी छायाचित्रे मध्यवर्ती होती: मधोमध क्रूस, मधोमध विहीर, मधोमध आई. त्या कॅमेऱ्याचे भिंग निराळे आणि पाहण्याची खिडकी निराळी. माणूस फार जवळ उभा केला, तर खिडकीतून जो बरोबर मध्यावर दिसे, तो कागदावर थोडा सरकलेला निघे. कित्येकदा आईच्या डोक्यावरचा पदर कापला गेला. आपल्याला दिसलेले केंद्र आणि प्रकाशाला दिसलेले केंद्र एकच असते असे नाही, हा धडा आम्हांला तेव्हाच मिळाला होता. आम्ही तो फक्त तंत्राचा धडा म्हणून घेतला.

पुढे या विषयावर वाचन झाले, तेव्हा कळले की जाणकार मंडळींना मध्यवर्ती रचना फारशी रुचत नाही. चौकटीचे उभे तीन आणि आडवे तीन समान भाग करावेत आणि मुख्य विषय त्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठेवावा, अशी त्यांची शिकवण. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने 1797 साली ग्रामीण दृश्यांवरील आपल्या पुस्तकात या तृतीयांशाच्या नियमाला नाव दिले. आज खिशातल्या मोबाईलमध्येही त्या चार रेषा आयत्या मिळतात. नियम चांगला आहे. त्याने चित्राला हालचाल येते, मोकळी हवा मिळते. पण प्रत्येक विषयाला हालचाल हवीच असते काय? काही विषयांना स्थैर्यच शोभते. मंदिराचा गाभारा, चर्चची वेदी, दीपमाळ, दाराच्या चौकटीत उभी असलेली गृहिणी, यांना बाजूला सरकवले तर त्यांचा मान कमी झाल्यासारखे वाटते.

शिवाय समतोल चित्र सोपे असते ही समजूतही चुकीची आहे. चर्चच्या मधल्या वाटेचे छायाचित्र घ्यावयाचे, तर फरशीची मधली सांध नेमकी आपल्या दोन पावलांच्या मध्ये यावी लागते. दोन बोटे डावीकडे सरकलो, तरी उजवीकडचे बाक जास्त दिसू लागतात. कॅमेरा थोडा वर उचलला, की खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे कलतात. म्हणून तो सरळ धरून मागे जावे लागते. प्रकाश एकाच खिडकीतून येत असेल तर अर्धे चित्र उजळते, अर्धे काळवंडते. त्यासाठी ढगाळ दिवस बरा. आमच्याकडे आषाढात भाताची खाचरे पाण्याने भरतात, तेव्हा लावणीपूर्वीच्या त्या निश्चल पाण्यात माहुली उलटी उतरते. अशा वेळी क्षितिज चौकटीच्या बरोबर मध्यावर ठेवावे, कारण डोंगर आणि त्याचे प्रतिबिंब या दोघांचा हक्क सारखाच असतो. पण वाऱ्याची एक झुळूक आली, की अर्धा डोंगर विरघळून जातो. तिरप्या रचनेत चूक लपते; समतोल रचनेत ती ओरडून सांगते.

आमच्यासारख्या धर्मगुरूला या रचनेचे आकर्षण वाटावे, यात नवल नाही. आमचे अवघे आयुष्य वेदीभोवती फिरते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वेदी भिंतीपासून सुटी झाली, धर्मगुरू भाविकांकडे तोंड करून उभा राहू लागला, आणि कळत-नकळत चित्राच्या मध्यभागी आला. परिषदेच्या मनात तेथे वेदी होती, म्हणजेच ख्रिस्त होता. पण कॅमेऱ्याला वेदीमागचा माणूसच अधिक ठळक दिसतो. आमच्या संग्रहातील सणासुदीची छायाचित्रे चाळली, तर नाताळ असो, प्रथम ख्रिस्तप्रसाद असो वा लग्न असो, मध्यभागी बहुतेक ठिकाणी आम्हीच!

काही वर्षांपूर्वी आमच्या एका छोट्या प्रार्थनामंदिराचा रौप्यमहोत्सव झाला. मिस्सा झाल्यावर समूहफोटोची वेळ आली. आम्ही तिपाई लावली, दाराची कमान बरोबर मध्यावर घेतली. कमानीखाली बिशप, त्यांच्या शेजारी आम्ही, दोन्ही अंगांना सिस्टर, मग पंच, मग वेदीसेवक, उंचीप्रमाणे, जोडीजोडीने. दहा सेकंदांचा टायमर लावून धावत जाऊन आपल्या जागी उभे राहायचे, अशी योजना. सर्व काही तराजूत तोलल्यासारखे झाले होते. फक्त डाव्या अंगाला एक माणूस जास्त होत होते. ती होती एक म्हातारी वारली बाई. मंदिराचे अंगण झाडावे, उन्हाळ्यात दूरच्या विहिरीवरून हंडा आणून वेदीसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाणी भरून ठेवावे, हे काम ती मंदिर बांधले तेव्हापासून करीत आली होती. कोणी तिला सांगितले नव्हते, कोणी तिला काही देत नव्हते. त्या दिवशीही ती हातातला खराटा न ठेवताच येऊन उभी राहिली होती.

आम्ही म्हणालो, ‘आजी, जरा बाजूला होता का? फोटो एका अंगाला झुकतोय.’

‘व्हय, फादर,’ म्हणाली आणि हसत बाजूला झाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरे झाले असते; आम्ही तेव्हाच जागे झालो असतो.

फोटो सुंदर आला. डाव्या कडेला खराटा धरलेला तिचा हात मनगटापर्यंत आत आला होता, तेवढा आम्ही प्रत काढताना कापून टाकला. ती प्रत आजही त्या मंदिरात लागलेली आहे.

दुसऱ्या पावसाळ्यात म्हातारी गेली. तिच्या महिन्याच्या मिस्सेच्या आधी तिचा मुलगा आमच्याकडे आला. घरात आईचा एकही फोटो नव्हता. ओळखपत्र होते, तेही पावसाच्या पाण्यात भिजून पुसट झालेले. ‘फादर, तुम्ही एवढे फोटो काढता, आईचा एखादा असलच ना?’ त्या विश्वासाने आम्हांला बोलवेना. आम्ही संगणक उघडला. पंचवीस वर्षांचा नव्हे, पण आमच्या तेथील सात वर्षांचा सारा इतिहास त्यात होता. सण पाहिले, सभा पाहिल्या, मिरवणुका पाहिल्या. दोन तास शोधले. सारी चित्रे कशी समतोल, स्वच्छ, झाडलेल्या अंगणासारखी! आणि अंगण झाडणारी कुठेही नाही. शेवटी तो रौप्यमहोत्सवाचा न कापलेला मूळ फोटो निघाला. पोरगा पडद्याजवळ वाकला आणि म्हणाला, ‘हा हात आईचा. ह्या बांगड्या तिच्याच. एवढंच द्या, फादर.’

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. शुभवर्तमानातील काही प्रसंग, जे आम्ही शेकडो वेळा वाचले होते, ते चित्रांसारखे डोळ्यांपुढे येत राहिले. सभास्थानात हात वाळलेल्या माणसाला प्रभू येशूने मध्यभागी येऊन उभे राहावयास सांगितले. थोर कोण असा वाद शिष्यांनी घातला, तेव्हा त्याने एक बालक घेऊन त्यांच्यामध्ये उभे केले. तो स्वतः मध्यभागी दिसतो तो कालवारीवर. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा आणि मध्ये तो, असे योहान मुद्दाम नोंदवून ठेवतो. जगातील सर्वांत समतोल रचना ती, आणि तिचा मध्य म्हणजे मानाची जागा नव्हे, तर क्रूस!

पण योहानाच्याच शुभवर्तमानात आणखी एक मध्यभाग आहे. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीलाही लोकांनी मध्येच उभे केले होते. तेव्हा मध्यभागी आणणे म्हणजे सन्मान करणे, असेही सरसकट म्हणता येत नाही. छायाचित्रणाच्या इतिहासातही हेच दिसते. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पाठोपाठ 1863 आणि 1866 मध्ये विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यांतील माणसे चौकटीत व्यवस्थित मांडलेली आहेत. त्यांच्यामागची दृश्ये पुष्कळदा दुसऱ्याच छायाचित्रांतून आणून जोडलेली. माणूस मध्यभागी आहे, पण नमुना म्हणून. त्याचे गाव, त्याचे दार, त्याचे नाव त्याच्यापाशी नाही. आधारकार्डावरही आपण सर्व मध्यभागी असतो. तेथे आपल्याला कोणी पाहत नाही, फक्त ओळखून घेतात.

मग खरा मध्य कोणता? आमच्या समजुतीने त्याचे उत्तर आमच्या भोवतालच्या भिंतींवरच होते. वारली लग्नात सुवासिनी घराच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकोनाच्या आत पालघट देवी आणि चारी बाजूंना नक्षीच्या पट्ट्या. मोजपट्टी नसते, दोरी नसते. उजवी बाजू डावीसारखी असते, पण तीच नसते. सिनाय पर्वताच्या पायथ्याशी संत कॅथरिनच्या मठात सहाव्या शतकातील ख्रिस्ताचे एक चित्र आहे. चेहरा समोरून, बरोबर मध्यभागी रंगवलेला. पण त्याचे दोन अर्ध एकमेकांसारखे नाहीत. एका बाजूला करुणा आणि दुसऱ्या बाजूला न्याय, असा त्याचा अर्थ पुष्कळांनी लावला आहे. लिओनार्दोच्या मिलानमधील शेवटच्या भोजनाच्या चित्रात खोलीच्या साऱ्या रेषा ख्रिस्ताच्या मस्तकाशी मिळतात, दोन्ही अंगांना सहा-सहा प्रेषित आहेत. आणि त्या सहांत यहूदाही आहे. समतोल साधण्यासाठी चित्रकाराने त्याला मेजापलीकडे काढले नाही. आम्ही मात्र पाणी भरणारीला काढले!

तेव्हापासून आम्ही एक नेम केला आहे. पुनरुत्थानाच्या सणानंतर घरे आशीर्वादित करण्यासाठी पाड्यांवर जातो, तेव्हा प्रत्येक घरातील वडीलधाऱ्या माणसाला विचारतो, ‘तुमचा फोटो काढू का? कुठे उभे राहाल?’ जागा त्यांनी ठरवायची. बहुतेक जण स्वतःच्या दारात उभे राहतात. कारवीच्या कुडाची भिंत, किंचित कललेली चौकट, आणि मध्ये ते. एकाचा एक डोळा गेलेला, एकीचा खांदा उतरलेला. दार तिरपे असले तर आम्ही आता कॅमेरा तिरपा करून ते सरळ करीत नाही. पुढच्या भेटीत कागदावर प्रत काढून त्यांच्या हाती देतो. मोबाईलवर दाखवून परत नेत नाही. कोणी नको म्हटले तर कॅमेरा पिशवीत ठेवतो आणि पाणी मागून पितो.

गेल्या वर्षी त्या म्हातारीच्या घरी गेलो होतो. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी एक काचेची चौकट होती. मुलाने तो फोटो शहापूरला नेऊन मोठा करून आणला होता. कडेचे तेवढेच तुकडे मोठे केल्याने चित्र अगदी धूसर झाले होते. बिशप त्यात नव्हते, कमान नव्हती, आम्ही नव्हतो. होता तो फक्त खराटा धरलेला एक हात, हिरव्या बांगड्यांचा. आणि फोटोवाल्याने तो नेमका मध्यभागी आणला होता.

आम्ही प्रार्थना म्हटली. आशीर्वाद देताना आमचा हात त्या चौकटीसमोर वर गेला, आणि क्षणभर आम्हांला कळेना, आशीर्वाद कोण कोणाला देत आहे.