गाडीचं कव्हर

गाडीला कव्हर घ्यायचं म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं ना? पण दुकानदार विचारतो, "रोज काढता की उभीच असते?" आणि सगळं त्यावरच ठरतं.

मुंबईच्या पावसात उभ्या गाडीवर नुसतं प्लॅस्टिक घातलं, तर पाणी आत जात नाही. पण आतली वाफही बाहेर पडत नाही. ओल कोंडते, पत्र्याला गंज धरतो. म्हणून हवा खेळती ठेवणारं कापड, आतून मऊ अस्तर, खाली इलॅस्टिक आणि पट्टा हवाच. सैल कव्हर वाऱ्यावर फडफडतं आणि खालची धूळ रंगावर पॉलिश पेपरसारखी घासली जाते.

आमची मारुती ८००. कंपनीने ती बनवणं २०१४ मध्ये थांबवलं, बाबांनी चालवणं यंदा. डोळे साथ देत नाहीत. विकायचा विषय मात्र काढू देत नाहीत!

कव्हर घेतलं, चांगलंच घेतलं. पण उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एकाच जागी चपटे होतात, त्याला कव्हर काय करणार? म्हणून दर रविवारी अर्धा तास फेरी. मी चालवतो; गिअर कधी बदलायचा ते बाबा शेजारून सांगतात.

असो. ऐकतो मी.